भद्रावतीहून ताडोबा

नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरील भद्रावती हे गाव आपल्या समाजातील बहुतेक घरांना परिचित आहे. स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांचे ते तीर्थ. यात्रेकरू दर्शन-पूजा करतात, भोजनशाळेत जेवतात आणि नागपूरकडे परततात किंवा पुढे कुल्पाकजीच्या वाटेला लागतात. तेथून साधारण तासाभराच्या अंतरावर ताडोबाचे अरण्य सुरू होते. तिकडे वळणारी कुटुंबे मात्र थोडी. वाघ हा मुद्दाम जाऊन पाहण्याचा विषय आहे असे आपल्या घरांतून फारसे मानले जात नाही, आणि जे मानतात ते पुष्कळदा वाघापुरतेच जाऊन येतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मार्चअखेरीच्या वह्या मिटल्यानंतर, आम्ही सहा जण भद्रावतीचे दर्शन घेऊन मोहर्लीला मुक्कामास गेलो. मी आणि सौ., धाकटे बंधू, भावजय, त्यांची अकरा वर्षांची कन्या आणि ७६ वर्षांचे आमचे थोरले काका. सहा ही संख्या सोयीची ठरते, कारण उद्यानाच्या उघड्या जिप्सी गाडीत चालक आणि गाईड सोडून सहाच पर्यटक बसू शकतात. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी आरक्षण बरेच आधी करावे, प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि मंगळवार टाळावा. त्या दिवशी गाभा क्षेत्र बंद असते. पावसाळ्यातही ते बंद ठेवतात.

काकांच्या नियमांचे कसे जमणार, ही काळजी भावजयीला घरापासून लागली होती. सकाळची फेरी उजाडण्यापूर्वी निघते आणि काका नवकारशीपूर्वी पाणीही घेत नाहीत. सायंकाळची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते आणि काकांचा चौविहार असतो. प्रत्यक्षात काहीच अडले नाही. सकाळी परत आल्यावर दूध-खाखरा, दुपारी जेवण, आणि सायंकाळी गाडीत शेवटचे पाणी, असा क्रम काकांनी स्वतःच लावून टाकला. इतरांनीही आतमध्ये काही खाण्याचा विचार मनातून काढावा हे उत्तम. चिवड्याची एक पुडी उघडली की वानरे कशी वागू लागतात, हे गिरनारपासून शिखरजीपर्यंतच्या यात्रेकरूंना सांगावयास नको.

ताडोबाचा इतिहास थोडक्यात असा. चंद्रपूरच्या गोंड राजांच्या राज्यातील हे जंगल. १९३५ मध्ये येथील शिकार पूर्णपणे बंद झाली. १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, आणि राज्यातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा मान त्याला मिळाला. पुढे १९८६ मध्ये लगतचे अंधारी अभयारण्य झाले. दोन्ही मिळून आजच्या व्याघ्र प्रकल्पाचा गाभा होतो. तो सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. त्याच्या सभोवती बफर म्हणजे संक्रमण क्षेत्र आहे, आणि त्यात माणसांची गावे, शेते, गुरे आणि वाघ हे सारे एकत्र नांदतात. नांदतात हा शब्द येथे जरा उदारपणे वापरला आहे.

पहाटे मोहर्लीच्या फाटकापाशी नोंदणी झाली. मोबाईल आत वापरण्यास बंदी असल्याने सर्वांचे फोन तेथेच जमा झाले. गाईडनेही आपला ठेवला. हा नियम सर्वांत चांगला आहे असे माझे मत आहे. चार तास कोणीही आपल्याला भाव विचारत नाही.

आमचा गाईड पंचविशीतला, जवळच्याच गावचा तरुण. येथील गाईड बहुतेक आसपासच्या गावांतीलच असतात, आणि आता त्यांत स्त्रियाही आहेत. तो फार बोलत नसे. गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे आणि ऐकायचे, ही त्याची पद्धत होती. आम्ही वाघ पाहण्यास आलो होतो आणि तो आम्हांस ऐकण्यास बसवीत होता. पहिल्या अर्ध्या तासात बंधूंची चुळबुळ सुरू झाली. काकांना मात्र हे मनापासून आवडलेले दिसले.

मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर उंच दगडी खांब उभे आहेत. राजाची स्वारी निघाली की या खांबांवरून ओवलेल्या दोरीने घंटा वाजवून पुढे वर्दी देत, असे सांगतात. खांबांपलीकडे साग आणि बांबू. एप्रिलमध्ये सागाची पाने गळून पडलेली असतात आणि बांबू पिवळा पडतो, त्यामुळे दृष्टी दूरवर पोहोचते. उन्हाळ्यात प्राणी अधिक दिसतात ते काही अंशी यामुळेच. अधूनमधून कुसुमाची लालभडक कोवळी पालवी, ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, आणि भुत्या नावाचे पांढऱ्याफेक गुळगुळीत खोडाचे झाड, जे अंधारात पाहिले तर नावाची शंका राहत नाही. मोहाची फुले गळण्याचे हेच दिवस. झाडाखाली पिवळसर सडा पडलेला आणि हवेत गोड, किंचित आंबूस वास. हे फूल अस्वलालाही आवडते, हरणालाही, आणि बफरमधील गावांतील बायाबापड्यांचा तर चैत्रातला तो रोख पैसाच. पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन त्या निघतात, कारण ऊन चढले की फूल सुकते आणि गुरे व हरणे ते आधी खाऊन टाकतात.

एका वळणावर चितळ ओरडले. तीक्ष्ण, शिट्टीसारखा आवाज. बंधू उभे राहिले. गाईडने हातानेच बसा म्हटले. चितळ पुष्कळ वेळा उगाच ओरडते, पान हलले तरी ओरडते. झाडावरच्या वानराचा खाकरल्यासारखा आवाज त्याच्या जोडीला आला तर थोडा विश्वास ठेवावा. वानर उंचावरून पाहून बोलते. आणि सांबराने तोंड उघडले, तो घंटेसारखा एकच खणखणीत स्वर आला, तर गाडी जागची हलवू नये. सांबर विनाकारण बोलत नाही. काका हळूच म्हणाले, “म्हणजे चितळाची बात उधारीची आणि सांबराची रोखीची.” गाईडला ही भाषा नवी होती, पण ती त्याला पटली, दिवसभर तो तीच वापरत होता. त्या सकाळी सगळा व्यवहार उधारीचाच झाला. सांबर बोलले नाही आणि वाघ दिसला नाही.

वाळूत उमटलेले माग मात्र दिसले. पूर्वी अशा मागांवरूनच वाघांची मोजदाद होत असे. आता झाडांना बांधलेले कॅमेरे चित्रे घेतात आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ उरले होते. २०२२ च्या गणनेत ते ३,६८२ झाले, आणि महाराष्ट्राचा आकडा २०१८ मधील ३१२ वरून ४४४ वर गेला. आकडा वाढला हे चांगले झाले. तो वाढला त्याच प्रमाणात जंगल वाढले नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

पुतणीने एक वही आणली होती. दिसलेल्या प्राण्यांची यादी करावी असे तिने ठरवले होते. काकांनी तिला दुसरा रकाना आखून दिला आणि त्यात तीर्थंकरांची लांछने लिहावयास सांगितली. चितळ दिसताच श्री शांतिनाथ, वानर दिसताच श्री अभिनंदनस्वामी, चिखलात लोळणारे रानडुक्कर दिसताच श्री विमलनाथ. मूल जे पाठ करताना कंटाळते ते येथे पंधरा मिनिटांत मुखोद्गत झाले. गव्यापाशी वाद झाला. हा बैल धरावा की रेडा? पहिला म्हणजे श्री आदिनाथ, दुसरा म्हणजे श्री वासुपूज्य. काळा, प्रचंड, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारख्या पायांचा तो प्राणी आमच्याकडे पाहत स्वस्थ रवंथ करीत होता. गवा ही गोवंशातील जात आहे, असे गाईडने सांगितल्यावर निकाल लागला. पुढे ताडोबा तलावाच्या काठी मगर पहुडलेली दिसली आणि श्री सुविधिनाथही वहीत आले. चोवीस लांछनांत सिंह आहे, वाघ नाही, हे पुतणीच्या तेव्हाच ध्यानात आले आणि तिला वाघाबद्दल थोडे वाईट वाटले.

तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली तारू देवाचे ठाणे आहे. ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडले. तारू हा एका गावाचा प्रमुख; वाघाशी झुंजताना तो मेला आणि आदिवासींनी त्याला देव मानले. पौष महिन्यात येथे यात्रा भरते. वाघाच्या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या अरण्याचा देव मात्र वाघाने मारलेला माणूस आहे. गाईडने गाडीतूनच हात जोडले.

तेथून आम्ही जामणीकडे आलो. दाट जंगल एकाएकी संपते आणि समोर विस्तीर्ण कुरण उघडते. सोनेरी, कमरेएवढे गवत, त्यात विखुरलेली चितळे, कडेला एक-दोन जुनी आंब्याची झाडे. दृश्य इतके रम्य होते की सौ. म्हणाल्या, हे कोणी मुद्दाम लावले असावे. एका अर्थाने ते खरे होते. जामणी हे गाव होते. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गाभ्यातील गावे गेल्या दोन दशकांत उठवून बाहेर वसवली गेली. वाघांसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाख रुपये देण्याची केंद्राची योजना होती. २०२१ मध्ये ती रक्कम १५ लाख झाली. घरे उतरवली, शेते पडीक सोडली, आणि त्या शेतांवर हे गवत आले.

“त्या आंब्याजवळ माह्या आजीचं घर होतं जी,” गाईड म्हणाला. “गाव उठलं तवा मी शाळेत होतो.”

मी विचारले, लोक सुखी आहेत का? तो जरा थांबला. तिकडे रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे, मुले शिकतात, रात्री रानडुकरे पिकात शिरत नाहीत, असे त्याने क्रमाने सांगितले. मग म्हणाला, आजी मात्र दर उन्हाळ्यात विचारते, आंबा आला का. “वाघाले पाहाले सारेच येतात जी. हे गवत कोणी पाहत नाही.”

खरे तर पाहण्यासारखी गोष्ट गवतच आहे. अभ्यासकांचा हिशेब असा की एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी साधारण ५० जनावरे लागतात, आणि दरसाल ५० निघूनही कळप आटू नये यासाठी त्याच्या क्षेत्रात सुमारे ५०० जनावरे असावी लागतात. हे गणित आपल्या वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही. ५०० हे मुद्दल, ५० हे व्याज; वाघ व्याजावर जगतो, मुद्दलाला हात लावीत नाही. ज्या जंगलात माणसाने मुद्दलच मारून खाल्ले, तेथे वाघाला संरक्षण देऊनही तो टिकला नाही. आणि ते मुद्दल उभे राहते गवतावर. जामणीच्या आजीने सोडलेल्या शेताचे भांडवल या खात्यात जमा आहे. ते कोणाच्या नावे मांडावे, हे मला सुचले नाही.

याच कुरणाच्या टोकाला रानकुत्री दिसली. विटकरी रंगाची, झुपकेदार काळ्या शेपटीची, सहा-सात. ही जात आता जगातच थोडी उरली आहे, त्यामुळे पुढच्या गाडीतील छायाचित्रकार हर्षित झाले. कुत्री भुंकत नव्हती, बारीक शीळ घालून एकमेकांना बोलावीत होती. मग कळप फुटला, एक पाडस मागे पडले, आणि पुढचे सारे दोन-तीन मिनिटांत झाले. वाघ गळा धरून मारतो. रानकुत्री तसे करीत नाहीत. ती धावत्या जनावराला मागून फाडतात. पाडसाचा आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता.

आपल्यासारख्या घरांतील माणसांना या प्रसंगी काय होते, ते लिहून सांगणे कठीण आहे. ज्या घरांतून पर्युषणात जीवदयेची पावती आधी फाडली जाते, पांजरपोळाला चाऱ्याचे ट्रक जातात, त्या घरांतील माणसाचा हात अशा वेळी आपोआप पुढे होतो. भावजयीने डोळे मिटले. बंधूंनी चालकाला हॉर्न वाजवण्यास सांगितले. चालकाने मान हलवली. पुतणी उभी राहून ओरडणार, एवढ्यात गाईडने अतिशय शांतपणे तिला खाली बसवले. आवाज करावयाचा नाही, खाली उतरावयाचे नाही. आज हे सुटले तर कुत्री तासाभराने दुसरे धरतील, आणि त्यांची पिले वाट पाहत असतील. रानकुत्री पोटात नेलेले मांस ओकून पिलांना भरवतात, हेही त्याने सांगितले, जणू त्याने तिचे समाधान व्हावे. ते झाले नाही.

“आजोबा, आपण काहीच करायचं नाही?” तिने विचारले.

काका नवकार म्हणत होते. तो पूर्ण करून ते म्हणाले, “त्याला दुसरा आहार नाही, बाळ. आपल्याला आहे.”

तिने वहीत रानकुत्र्याचे नाव लिहिले. दुसरा रकाना रिकामा ठेवला. परत येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

दुपारी मोहर्लीत ऊन असे पडले होते की अंगणातील कोतवाल पक्षीही चोच उघडी ठेवून बसला होता. जेवणानंतर बोलणे साहजिकच सकाळच्या प्रसंगावर आले. बंधूंचे म्हणणे, असे दृश्य लहान मुलीला दाखवावयास नको होते. सौ.ना वाटत होते की नको असलेले दृश्य तिने पाहिले, पण विचारायचा तोच प्रश्न विचारला. काका या वादात पडले नाहीत. त्यांनी भलताच विषय काढला.

श्रावकाने न करावयाच्या पंधरा व्यवसायांची, कर्मादानांची, नावे आपण प्रतिक्रमणात दर पंधरवड्याला ऐकतो आणि बहुधा कानामागे टाकतो. काकांनी बोटांवर मोजून त्यांतील जंगलाशी संबंध असलेली सांगितली. अंगारकर्म म्हणजे कोळसा पाडणे वगैरे भट्टीचे धंदे. वनकर्म म्हणजे जंगल तोडून विकणे. दंतवाणिज्य म्हणजे हस्तिदंत आणि त्या जातीचा व्यापार. दवदान म्हणजे वणवा लावणे. सरशोषण म्हणजे तळी आटवणे. “या यादीत वाघाला शिकार सोडायला सांगितलेली नाही,” काका म्हणाले, “दुकानदाराला सांगितली आहे.” आमच्या पणजोबांना लाकडाच्या वखारीचा चालता धंदा स्वस्तात मिळत होता आणि त्यांनी तो घेतला नाही, भुसार मालातच राहिले, ही घरातील जुनी गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. वखार घेणाऱ्यांनी पुढे हवेल्या बांधल्या, हेही सांगितले.

मला ती यादी त्या दुपारी वेगळीच वाटली. ताडोबाच्या पश्चिमेला इरई धरण आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी ते बांधले गेले. ते केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे आणि त्याचा कोळसा याच जिल्ह्याच्या पोटातून निघतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या या भागातला बांबू गेला. पणजोबांनी वखार नाकारली ती त्यांच्या दारात होती म्हणून. आमच्या दुकानातील वातानुकूलन यंत्र, बिलांचे कागद, फर्निचरचा साग यांची वखार नजरेआड आहे, एवढाच फरक. बंधू म्हणाले, मग काय दिवे बंद करायचे? काका म्हणाले, विनाकारण जळणारे तरी बंद करावेत, आणि वामकुक्षीसाठी आत गेले.

सायंकाळच्या फेरीत पाणवठ्यावर थांबण्याखेरीज काही करावयाचे नसते. उन्हाळ्यात नैसर्गिक झरे आटतात. अनेक ठिकाणी वनविभागाने सौरपंपांवर चालणारे पाणवठे केले आहेत. आम्ही एका पाणवठ्यापाशी दीड तास बसलो. आधी मोर आले, मग एक सांबराची मादी, तिच्यामागे नीलगाय, सर्वांची पाणी पिण्याची रीत एकच: एक घोट, मान वर, पुन्हा एक घोट. हळूहळू सात-आठ गाड्या जमल्या. एका गाडीतील मंडळी वाघ आला नाही म्हणून गाईडवर रागावली होती, जणू तो माल देतो म्हणून आगाऊ रक्कम घेऊन बसला होता. पर्यटन गाभ्याच्या २० टक्के भागापुरतेच असावे, असा २०१२ पासूनचा दंडक आहे. तो आणखी कमी करावा असे अशा मंडळींना पाहून वाटते.

सूर्यास्ताला पंधरा मिनिटे उरली तेव्हा काकांनी घड्याळ पाहिले, बाटलीतील पाणी घेतले आणि तोंड पुसून पच्चक्खाण घेतले. गाड्या एकेक करून फाटकाकडे निघाल्या. आम्हीही निघालो. फाटक दोन-तीन किलोमीटरवर राहिले असेल, तेव्हा उजव्या हाताच्या बांबूतून सांबर बोलले. एकदाच. गाईडने चालकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“रोखीचं हाय जी,” तो म्हणाला.

वाघीण बांबूतून बाहेर आली ती आमच्याकडे न पाहताच. कल्पनेपेक्षा ती सडपातळ होती. मावळत्या प्रकाशात तिचा रंग केशरी न दिसता वाळलेल्या सागाच्या पानासारखा दिसत होता, आणि बांबूसमोर होती तोवर पट्टे कोठे संपतात आणि सावल्या कोठे सुरू होतात ते कळत नव्हते. ती रस्त्याच्या मधोमध आली, थांबली, एका खोडाचा वास घेतला, त्यावर फवारा मारला. मग तिने आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, भय नव्हते, कुतूहलही नव्हते. सकाळपासून आम्ही तिच्याविषयी इतके बोललो होतो आणि तिच्या लेखी आम्ही रस्त्यात उभी असलेली एक गाडी होतो. काकांचे हात जोडलेले होते; ते कोणत्या भावनेने, ते मी त्यांना विचारले नाही. मिनिटभराने ती रस्ता ओलांडून डावीकडच्या उतारावर गेली, जेथून नाला बफरमधील शेतांकडे उतरतो, आणि दिसेनाशी झाली. पुतणीने घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली.

पायी चालणाऱ्या माणसाला हेच दर्शन किती निराळे असते, ते या जंगलाला ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी माग शोधत याच गाभ्यात पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलांच्या आणि पुढे तेंदूपानांच्या हंगामात तर अशी बातमी आली नाही असा उन्हाळा विरळा. वाकून फुले वेचणारे माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखे दिसते, असे जाणकार सांगतात. गाडीत बसलेल्यांना तिकीट असते, पहाटे टोपली घेऊन निघालेलीला नसते.

फाटकावर दिवे लागले होते. मागून आलेल्या गाड्यांतील लोक वाघीण कोठे दिसली, किती वेळ दिसली, चित्रे कशी आली, हे उत्साहाने विचारत होते आणि बंधू सविस्तर सांगत होते. आमचा गाईड त्या घोळक्यात नव्हता. त्याने जमा केलेला फोन घेतला, बाजूला जाऊन घरी लावला, आणि पत्नीशी बोलू लागला. आवाज मोठा नव्हता, पण मी जवळच उभा होतो.

“उद्या नाल्याकडच्या मोहाले जाऊ नका,” तो सांगत होता. “ते तिकडंच उतरली हाय. रस्त्याच्या अंगचीच झाडं पाहा. अन् आईले सांग. अन् शेजारच्या घरीबी सांग.”